गार्थवेट लोडरची पंचवीस वर्षं

क्लेमंट गार्थवेटने थिर्झा सग्डनला कंपनीचा इतिहास लिहायला सांगितलं, तेव्हा ती त्याच्या टेबलावर चहाचा कप ठेवत होती. कप जरासुद्धा हिंदकळला नाही. ज्या माणसाच्या नरडीचा घोट घ्यावा असं अकरा वर्षं वाटत आलंय, त्यालाच रोज सकाळी साडेदहाला चहा देताना हात स्थिर कसा ठेवायचा, हे तिला पुरतं साधलं होतं.

"पुढच्या जूनला पंचवीस वर्षं होतील, मिस सग्डन," तो खुर्चीत रेलून म्हणाला. "एक झकास पुस्तक काढू. जाड कागद, फोटो, वर सोनेरी अक्षरं. जेवणाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या ताटाशी एकेक प्रत. आणि लिहायचं तुम्ही."

"मी कुठली लेखिका, साहेब?"

"लेखक नकोच आहेत मला. ते मनाचं घालतात. तुम्हाला इथला कागद न् कागद ठाऊक आहे. जे कागदावर आहे तेच लिहा."

"जे कागदावर आहे तेच," थिर्झा म्हणाली. "बरं, साहेब."

बाहेर येऊन तिने दार ओढून घेतलं आणि टाइपरायटरवरचं कापड काढलं. तिला घाई नव्हती.

यॉर्कशरच्या त्या दरीत स्कारबेक गावाला आधी फक्त लोकरीच्या गिरण्या ठाऊक होत्या. आईबाप एकाच हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेले तेव्हा थिर्झा नऊ वर्षांची होती आणि तिचा भाऊ इर्विन एकवीसचा. लग्नाची बोलणी चालली होती ती त्याने मोडली आणि बहिणीला वाढवलं. तिच्या वेण्या घालायलाही तोच शिकला. वेण्या दोरखंडासारख्या पिळदार व्हायच्या आणि शाळेतल्या पोरी हसायच्या. अडतीस साली क्लेमंट गार्थवेटने ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड टाकली, तेव्हा पहिला फिटर म्हणून त्याने इर्विनलाच उचललं.

लोडर काढला तो इर्विनने. लढाई संपल्यावर गॅसच्या कारखान्यात एक पंप दुरुस्त करायला तो गेला होता. आठ माणसं फावड्यांनी कोळसा वॅगनीत चढवत होती. कमरेतून वाकलेली, तोंडं काळी. त्यातला एक इर्विनच्या बापाच्या वयाचा होता. इर्विन परत आला आणि शेडमधल्या एका भंगार ट्रॅक्टरची सीट त्याने उलटी बसवली. आता मोठी चाकं पुढे आली आणि वजन पेलायला तयार झाली. त्यांच्यावर दोन लोखंडी हात, हातांच्या टोकाला बकेट, आणि उचलायला तारेचा दोर. पहिल्या दिवशी दोर दोनदा तुटला. तिसऱ्या दिवशी त्या धुडाने आठ माणसांचं सकाळचं काम चहाच्या सुट्टीपर्यंत उरकलं.

क्लेमंटने महिन्याभरात त्याचं पेटंट घेतलं, स्वतःच्या नावावर. बाजूला पिवळ्या रंगात मोठ्ठं 'गार्थवेट' रंगवलं. थिर्झा तेव्हा ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसिंगला लागली होती. इंजिनिअरांच्या पेन्सिलीच्या रेघा पारदर्शक कापडावर शाईने उतरवायच्या. ती भडकली.

"तुझं नाव कुठाय त्यावर?"

"नावाने कोळसा उचलला जात नाही, थिर्झे," इर्विन म्हणाला. "बकेटने उचलला जातो."

सत्तेचाळीसच्या बर्फात दरी तीन आठवडे कोंडली गेली. गार्थवेटचा लोडर रस्ता खणत खणत वर आला आणि त्याच्या मागोमाग पावाची गाडी आली. पेपरात फोटो छापून आला. सीटवर क्लेमंट, डोक्यावर हॅट. यंत्राखालून इर्विनचे फक्त बूट बाहेर आलेले दिसत होते. त्या फोटोने मागण्यांची रीघ लागली.

मग आलं बावन्न साल. तारेचा दोर जाऊन तेलाच्या दाबावर हात उचलणारा नवा नमुना निघाला. इर्विनला एकच धास्ती होती: नळी फुटली तर वर उचललेले हात धाडकन खाली येणार. म्हणून त्याने एक जाड पोलादी खिटी बसवली होती. हात पुरते वर गेले की ती आपोआप खाचेत पडायची आणि हातानं काढल्याशिवाय निघायची नाही. पेन्सिलीच्या ड्रॉइंगमध्ये ती खिटी होती.

कारखान्यातून बाहेर पडलेल्या यंत्रात ती नव्हती.

मार्चमध्ये दगडखाणीत सेथ बिंटलिफ नावाचा ड्रायव्हर वर उचललेल्या हातांखाली वाकून अडकलेला धोंडा काढत होता. नळी फुटली. त्याला बाहेर काढायला दुसरा लोडर आणावा लागला. मागे बायको हॅना आणि दोन लहान मुली.

मृत्यूच्या चौकशीत क्लेमंट काळा टाय लावून उभा राहिला. "नमुना सर्वस्वी मिस्टर सग्डन यांच्याकडे होता," तो म्हणाला, "त्यांनी मंजूर केल्याशिवाय काही बनत नसे." आणि त्याने ड्रॉइंग पुढे केलं. त्यात खिटी नव्हती. खाली मंजुरीच्या चौकटीत शाईने स्वच्छ दोन अक्षरं होती: इ. स.

"ही अक्षरं तुमची?" चौकशी चालवणाऱ्या कॉरोनरने विचारलं.

इर्विनने ड्रॉइंग जवळ घेतलं. थिर्झा तिसऱ्या बाकावर बसली होती. त्याची नजर चौकटीवरून एक ओळ खाली सरकलेली तिने पाहिली. खालच्या ओळीत लिहिलेलं होतं: ट्रेसिंग, थि. स. आता तिला आठवलं. जानेवारीत क्लेमंटने स्वतः नव्याने काढलेला एक पेन्सिलीचा कागद आणून दिला होता. "ए पोरी, इर्विनने सही केलीय बघ. सगळं जसंच्या तसं गिरव, सहीसुद्धा." तिने गिरवलं होतं. भावाने पेन्सिलीने केलेली अक्षरं समजून, प्रेमाने, एकसुद्धा डाग न पाडता.

इर्विनने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग कॉरोनरकडे वळला.

"माझीच आहेत," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी ती रडून रडून म्हणाली, "मी उद्या जाऊन सांगते सगळं."

"काय सांगशील? तो म्हणेल, बहिणीनेच खोटी सही मारली. पेन्सिलीचा कागद त्याने केव्हाच जाळला असेल. तुला आत टाकतील, थिर्झे."

"टाकू देत!"

"मी तुला तुरुंगात पाठवायला वाढवलं नाही," इर्विन म्हणाला. त्यावर पुन्हा बोलायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

इर्विन सग्डनच्या हलगर्जीपणाने माणूस मेला, असा निकाल झाला. दुसऱ्या दिवशी क्लेमंटने त्याला काढलं. दरीत कुणी त्याला पान्हासुद्धा हातात धरू देईना. रविवारी चॅपलच्या दारात, सगळ्या गावादेखत, हॅना बिंटलिफ त्याच्या बुटांवर थुंकली. तो तिथंच उभा राहिला, ती आत जाईपर्यंत. पुढे त्याला दफनभूमीतलं गवत कापायचं काम मिळालं. सेथ बिंटलिफच्या थडग्याभोवतीचं गवतही तोच कापायचा, गुडघ्यांवर बसून, कात्रीने.

थिर्झाने नोकरी सोडली नाही. गावातल्या बाया म्हणाल्या, "भावाला ज्याने लाथ मारली त्याचंच मीठ खाते, बघा कशी ती." तिने ऐकून घेतलं. ट्रेसिंगमधून ती पत्रव्यवहारात गेली, तिथून क्लेमंटच्या खोलीबाहेरच्या टेबलावर. त्याची भाषा गावंढळ होती; तिने त्याची पत्रं सुधारली. कुठल्या खात्यातला कुठला अधिकारी कशाने खूश होतो, हे तिने लक्षात ठेवलं. क्लेमंटला वाटायचं, बाई उपकार जाणते. म्हातारा कधीकधी म्हणायचाही, "भावासारख्या नाही तुम्ही."

"नाही, साहेब," ती म्हणायची.

पंचावन्न साली जुनं ऑफिस नव्या इमारतीत हलवताना तिला इर्विनचा मूळ कागद सापडला; तिला गिरवायला दिलेला कागद त्यावरूनच दुसऱ्या कुणाकडून काढून घेतलेला होता. क्लेमंटने जाळला नव्हता. तो इतका चिक्कू होता की एका बाजूने कोरा कागद त्याच्याने टाकवतच नसे. पाठीमागे त्याने आपल्या घरामागच्या टोमॅटोच्या काचघराचं माप काढलं होतं. पुढच्या बाजूला इर्विनची पेन्सिल होती, खिटी होती, आणि खिटीवर लाल फुली. शेजारी नक्कल काढणाऱ्यासाठी क्लेमंटच्या अक्षरात: 'ही काढा. नळी हलकी चालेल. इर्विनला विचारत बसू नका. क्ले. गा.' आणि मंजुरीच्या चौकटीत त्याच लाल पेन्सिलीने केलेली इ. स.

तिने कागद कोटाच्या अस्तरात घालून घरी आणला. वकिलाच्या पायरीपर्यंत ती गेली आणि परत फिरली. तेव्हा क्लेमंटकडे होतं काय? एक लहानसा कारखाना, साठ माणसं. पडला असता तर गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडला असता, चार दिवसांनी धूळ झटकून उठला असता. खिटी तर त्याने अपघातानंतर गुपचूप परत बसवलीच होती, त्यामुळे नव्या यंत्रांखाली कुणी मरायचं भय नव्हतं. नाताळचं डुक्कर पोसावं तसं तिने त्याला पोसायचं ठरवलं. इर्विनला ती एका शब्दाने बोलली नाही.

आठ वर्षांत गार्थवेट फुगला. तीनशे माणसं, सहा देशांत विक्री, गावात त्याच्या नावाचा रस्ता. आणि आता हा इतिहास.

तिने तो मन लावून लिहिला. क्लेमंटने कच्ची छपाई वाचली ती हातात लाल पेन्सिल घेऊनच. 'कल्पक' होतं तिथे 'अत्यंत कल्पक' केलं. बावन्न सालाबद्दल तिने दोनच ओळी लिहिल्या होत्या: एका कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे एक दुर्दैवी अपघात घडला.

"हे तुम्हाला लिहायला जड गेलं असेल," क्लेमंट म्हणाला.

"कागदावर होतं तेच लिहिलं, साहेब."

त्याने प्रत्येक पानावर सही केली. मग ती छापखान्यात ऑल्डरॉइडकडे गेली आणि मधली दोन पानं बदलून दिली. डावीकडे कोर्टातलं ड्रॉइंग. उजवीकडे पेन्सिलीचा कागद, लाल फुलीसकट. खाली चार ओळी: 'डावीकडची शाईची अक्षरं मी गिरवली. ती माझ्या भावाची नव्हती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. इर्विन सग्डनने खिटी बसवली होती. ती कुणी काढली, ते उजवीकडे वाचा. थिर्झा सग्डन.'

ऑल्डरॉइडने चष्मा कपाळावर चढवला. "गार्थवेटने पाहिलंय हे?"

"त्याचंच अक्षर आहे. ओळखत नाहीस?"

म्हाताऱ्या ऑल्डरॉइडने बराच वेळ कागद पाहिला. "इर्विन माझ्या आईच्या थडग्याचं गवत कापतो," तो म्हणाला. "पैसे देऊ केले तर घेत नाही." आणि त्याने पानं खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे टाकली.

जेवणाच्या आदल्या दिवशी दुपारी थिर्झा हॅना बिंटलिफच्या दारात उभी राहिली. हॅनाने दार अर्धंच उघडलं.

"तुझं इथं काय काम?"

"हे वाच. मधली पानं."

"सग्डनांच्या हातचं मला काही नको."

"मग उंबऱ्यावर ठेवते. वाचून झालं की मला शिव्या दे. उद्या एक वाजता कारखान्याच्या आवारात जेवण आहे. दारावर कुणी अडवलं तर सांग, मिस सग्डनने बोलावलंय."

आवारात मांडव पडला होता. दीडशे पाहुणे. सरकारी कोळसा खात्याचे तीन अधिकारी पहिल्याच टेबलावर. त्यांच्याकडून चारशे लोडरची मागणी त्या आठवड्यात पक्की व्हायची होती. बीफ आलं, यॉर्कशर पुडिंग आलं, घट्ट ग्रेव्ही आली. क्लेमंट बोलायला उभा राहिला. "एका साध्या माणसाने एका साध्या शेडमध्ये पाहिलेलं स्वप्न," तो म्हणाला.

थिर्झा मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. पाहुणे खाता खाता पुस्तकं चाळत होते. पहिल्यांदा एक अधिकारी थांबला. त्याने चमचा खाली ठेवला, पान शेजाऱ्यापुढे सरकवलं आणि त्यावर बोट ठेवलं. मग मागच्या टेबलांवर पानं उलटायचा आवाज सुरू झाला आणि बोलणी मंदावत मंदावत बंद पडली. क्लेमंट बोलतच होता. लोक आपल्या भाषणात रंगलेत, असं समजून त्याने आवाज चढवला.

"मी पुस्तक वाचलं, मिस्टर गार्थवेट," मांडवाच्या तोंडाशी एक बाई म्हणाली.

हॅना बिंटलिफ होती. चॅपलचा कोट घालून आली होती. दोन्ही मुली मागे उभ्या होत्या, आता वयात आलेल्या.

"मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या अंगावर जे पडलं, ते अडवायला जी खिटी होती ती काढून तुमचं किती वाचलं?"

"ही बाई कोण..." क्लेमंट म्हणाला. मग कुणीतरी पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्याने मधलं पान पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना थिर्झा पाहत होती. एकही क्षण सुटू नये म्हणून तिने डोळ्याची पापणी लवू दिली नाही. जगात इतकं गोड काही असू शकतं, हे तिला माहीत नव्हतं.

तो टेबलांमधून तिच्याकडे आला. "तुम्ही... इतकी वर्षं माझ्या दारात... मी तुम्हाला काय कमी केलं?"

"कागदावर आहे तेच लिहा म्हणालात, साहेब," थिर्झा म्हणाली. "लिहिलं."

कोळसा खात्याचे अधिकारी कॉफी न घेताच गेले. ती मागणी दुसऱ्या कंपनीला मिळाली. पेपरवाले आले, चौकशी पुन्हा उघडली गेली, इर्विनचं नाव निकालातून खोडलं गेलं. क्लेमंटला तुरुंग झाला नाही; वकिलांनी ते निभावलं. पण गिऱ्हाईकं एकेक करून गळाली आणि वर्षाच्या आत दक्षिणेकडच्या एका बड्या कंपनीने कारखाना विकत घेऊन बंद केला. तीनशे माणसं घरी बसली. त्यांतल्या कित्येकांच्या बाया आता थिर्झाला पाहून रस्ता ओलांडत. "एकाला बुडवायला अख्खं गाव बुडवलंस," खाटीकवाडीतली एक तिला तोंडावर म्हणाली. ती तीनशे घरं तिला दिसली नव्हती असं नाही. तिने तिकडे पाहिलंच नव्हतं.

पण खरा फटका घरातच बसला होता, जेवणाच्या त्या दिवशीच. ती पुस्तक घेऊन इर्विनकडे धावत आली होती. त्याने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. पेन्सिलीच्या रेघांवरून त्याने बोट फिरवलं, जशी काही ती खिटी हाताला लागणार होती.

"हा कागद तुला कधी मिळाला?"

"पंचावन्न साली."

इर्विनने चष्मा काढला. "आठ वर्षं."

"तेव्हा तो लहान होता, इर्विन. मला त्याला मोठा होऊन पडायला हवा होता. सगळ्यांदेखत..."

"आठ वर्षं मी त्या बाईच्या नवऱ्याचं थडगं साफ करत होतो," इर्विन म्हणाला. त्याचा आवाज चढलाच नाही. "ती दर रविवारी यायची. मी असलो की गेटाबाहेर थांबायची, मी जाईपर्यंत. पावसात थांबायची. आणि हा कागद आपल्या घरात होता."

"तुझ्यासाठीच केलं सगळं!"

"मला विचारलंस? त्यानेही लिहिलंय बघ, इर्विनला विचारत बसू नका."

तो वरच्या खोलीत गेला. त्यानंतर पाच महिने एका छताखाली राहून तो तिच्याशी 'मीठ दे' आणि 'दार लाव' याच्या पलीकडे बोलला नाही. थिर्झाने अकरा वर्षं राग गिळला होता, पण हे तिला गिळवेना. पुस्तक आल्यानंतरच्या रविवारी हॅना बिंटलिफ मागच्या दाराने आली होती. इर्विनसमोर स्वयंपाकघरात तासभर बसली. उठताना म्हणाली, "तुझ्या बुटांवर थुंकले होते मी."

"बूट जुनेच होते," इर्विन म्हणाला.

मग ती दर रविवारी येऊ लागली. कधी घरी भाजलेला केक घेऊन यायची, कधी लोणच्याची बाटली. एकदा थिर्झाला भांडी घासताना ऐकू आलं, हॅना त्याला सांगत होती, "तिने उशीर केला खरा. पण केलं. दुसऱ्या कुणी केलं होतं? तू तरी तोंड उघडलंस का?" त्या रात्री जेवताना इर्विनने विचारलं, "बटाटे कुठून आणलेस? बरे आहेत."

कारखान्याला टाळं लागल्यावर चौथ्या महिन्यात क्लेमंट गार्थवेट गेला. काचघरात टोमॅटोला पाणी घालताना कोसळला म्हणे. इर्विनने काळा सूट काढला.

"तू जाणार?" थिर्झाने विचारलं.

"मीच त्याचा खड्डा खणलाय. चौकोन सरळ आलाय की नाही बघतो."

ती गेली नाही. अंगणात दोरीवर चादरी वाळत घालत राहिली. चॅपलची घंटा झाली तेव्हा हातातला चिमटा तसाच धरून ती थांबली. आता वाईट वाटेल, म्हणून तिने वाट पाहिली. वाईट वाटलं नाही. तीनशे माणसांचं वाटलं, इर्विनच्या आठ वर्षांचं तर रोजच वाटत होतं, पण क्लेमंटचं नाही. तिने पुढची चादर झटकली.

इर्विन चारला परतला. टाय सैल करून टेबलाशी बसला.

"माणसं होती का?"

"अकरा."

"आणि हॅम?" स्कारबेकमध्ये माणसाची किंमत त्याच्या मागे वाढलेल्या हॅमवरून ठरे.

"होतं," इर्विन म्हणाला. "इतकं पातळ कापलेलं की त्यातून पलीकडची बशी वाचता येत होती."

थिर्झाने तोंडावर हात धरला, पण हसू फुटलंच. इर्विनने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचेही खांदे हलायला लागले. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग ती उठली आणि त्याच्यासाठी हॅमचे दोन जाड काप कापायला घेतले.